नाव माझं, मिटिंगला हे

सुरतेतल्या उधन्यात आमच्या खानदेशी समाजाचा एक ट्रस्ट आहे. लग्नाचा हॉल भाड्यानं द्यायचा आणि जूनमध्ये मुलांना वह्या वाटायच्या, एवढं त्याचं काम. ट्रस्टी सगळे पुरुष. लूमवर, मिलमध्ये, मार्केटात आयुष्य काढलेली सरळ माणसं. एखाद्या बाईला ट्रस्टी करावं हे त्यांच्या कधी मनातच आलं नाही. खरं सांगायचं तर आम्हा बायकांच्याही आलं नव्हतं.

ते मनात आणून दिलं एका गुजराती सुनेनं. हॉलवर मजला चढवायचा म्हणून मंडळी कापड मार्केटातल्या एका शेठकडे देणगी मागायला गेली. शेठचा दानधर्म त्यांची सूनच बघते. तिनं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, "तमारा ट्रस्टमां एकेय बेन नथी?" एकही बाई नाही? मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. सून हसतच म्हणाली, आधी एक बेन घ्या, मग मजल्याचं बोलू.

त्याच सुमारास ट्रस्टीची एक जागा रिकामी होती आणि त्या जागी आमच्या ह्यांना घ्यायचं ठरत आलं होतं. ह्यांचं लूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे, ओळखी भरपूर. मग मंडळींनी सोपा मार्ग काढला. एका संध्याकाळी हे घरी आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "तू ट्रस्टी झालीस."

मी लसूण सोलत होते. "आणि करायचं काय?"

"काही नाही. नाव तुझं, जाणं माझं."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट लसूण तसाच टाकून मी शेजारी सांगून आले. हॉलच्या दारावरच्या पाटीत माझं नाव आलं. पाटी गुजरातीत. लग्न होऊन धरणगावहून सुरतेला आल्यापासून भाजीवाल्याशी भांडण्याइतकी गुजराती मला येते, पण वाचता येत नव्हती. त्यामुळे आपलं नाव कुठल्या ओळीत आहे हे मला ह्यांनी बोट ठेवून दाखवलं. ट्रस्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही मी होते, म्हणजे नाव माझं आणि नंबर ह्यांचा. कधी कागद घरी यायचे, हे म्हणायचे "इथं कर," मी सही करायचे आणि पोळी उलटायला परत जायचे.

असं वर्षभर चाललं. मजला झाला. मग एका रविवारी सकाळी, हे धुळ्याला पुतण्याच्या साखरपुड्याला गेलेले असताना त्यांचा फोन आला. "आज तुला मिटिंगला जावं लागेल. शेठची सून मजला बघायला येतेय आणि तिनं बेनला भेटायचंय म्हणून सांगितलंय. तू नुसतं बस. बोलायचं काही नाही."

मी चांगली साडी नेसून गेले. दारातल्या वॉचमनकाकांनी अडवलं. "ताई, महिला मंडळाची आरती दुपारी असते."

"काका, मी ट्रस्टी आहे."

त्यांनी पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग भाऊ नाही आले?"

आत मंडळी जमलेली. मला बघून सगळे उठून उभे राहिले, आदरानं "या वहिनी, या" म्हणाले, आणि लगेच एकजण म्हणाला, "दूध फ्रिजमध्ये ठेवलंय." मी सवयीनं स्वयंपाकघराकडे वळलेसुद्धा. तेवढ्यात शेठची सून आली. तिनं एक खुर्ची स्वतःसाठी ओढली, दुसरी तिच्याशेजारी, आणि मला हाक मारली, "बेन, अहीं बेसो." मी बसले. चहा शेवटी वॉचमनकाकांनी टपरीवरून आणला.

आमचे अध्यक्ष म्हणजे मिलमधून मुकादम म्हणून रिटायर झालेले वयस्कर गृहस्थ. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. वरच्या मजल्यावर काय करायचं हे आप्पांनी वाचून दाखवलं. बायकांसाठी शिलाई केंद्र, त्यासाठी शिलाई मशिनी. ऐकून मला राहवलं नाही. आमच्या घरी माझ्या लग्नातली मशीन आहे आणि तिच्यावर टीव्ही ठेवलाय. आमच्या गल्लीत घरोघरी तेच.

मी विचारलं, "आप्पा, ह्या मशिनी पाहिजेत तरी कुणाला?"

आप्पा अगदी प्रेमानं म्हणाले, "वहिनी, असं काय करता? मागच्या मिटिंगला तुम्हीच तर मागणी केली."

"मी?"

"हो ना. महिला ट्रस्टींचं मत म्हणून आम्ही लगेच मान्य केलं. तुमचा शब्द कसा मोडायचा?"

मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. शेठच्या सुनेच्या लक्षात प्रकार आला तशी तीही हसायला लागली. मग एकेक करून ट्रस्टीही. आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. सून म्हणाली, "मग बेन, तुम्हाला काय पाहिजे ते तुम्हीच सांगा."

आणि तिथं मी अडकले. गल्लीतल्या बायकांना काय हवं हे मला तरी कुठं माहीत होतं? मी म्हटलं, "विचारून सांगते."

रात्री हे धुळ्याहून आले. मी ताट वाढलं आणि अहिराणीतच धरलं त्यांना, कारण भांडण आम्हाला त्याच भाषेत जमतं. "नाव मनं अन् बोलनं तुमनं! मी कधय मांगी मशीन?"

ह्यांचा घास हातातच राहिला. "माले वाटनं, बायासले मशीन आवडस."

"मग माले इचारं का नही?"

त्यांनी भातात वरण कालवलं. मग म्हणाले, "पुढल्या वेळी तूच जाय." रागानं नाही, सुटल्यासारखं. दर मिटिंगला दुकान बंद ठेवायचा त्यांनाही कंटाळा आला होता, हे मला तेव्हा कळलं. त्याच रात्री ग्रुपवर माझा नंबर घालून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गल्लीत बसले. आमच्याकडे दुपारी बायका ओट्यावर साड्यांना लेस लावतात. मी विचारलं, वरचा मजला मिळाला तर काय पाहिजे? शिलाई केंद्र म्हटल्यावर सगळ्याच ओरडल्या. दिवसभर सुई हातात, वर शिकायला पुन्हा सुई? मग समोरच्या घरातली म्हणाली, "माझं ऐका. मी परवा कतारगामला बहिणीकडे निघाले. बसवर क दिसला, तेवढाच ओळखते मी, चढले. उतरले तर शहराबाहेर, कामरेजला!"

"मग?"

"मग काय, भेळ खाल्ली आणि परत आले."

हसता हसता एकेकीचं बाहेर यायला लागलं. कुणी शाळेच्या मिटिंगला भलत्याच वर्गात जाऊन बसलेली. कुणी दवाखान्यात पाटी वाचता येईना म्हणून पुरुषांच्या रांगेत उभी. बोलायला सगळ्यांना येतं, पोरं तर घरातही गुजरातीच बोलतात, पण वाचायचं म्हटलं की आम्ही अडाणी. मराठी धडाधडा वाचणाऱ्यासुद्धा.

पुढच्या मिटिंगमध्ये मी सांगितलं, बायकांना गुजराती वाचायला शिकवायचा वर्ग हवा. विरोध कुणी केला नाही. एकजण एवढंच म्हणाला, "आणि मशिनींचा फोटो पेपरात यायचा होता, तो?" आप्पा म्हणाले, "पाटी-पेन्सिलीचा येईल."

मग मी दुसरं काढलं. मी एकटी बसणार नाही, आणखी एक बाई घ्या, आणि ट्रस्टीची बायको नको. मी नाव सुचवलं ते लिंबायतमध्ये खानावळ चालवणाऱ्या एका बाईंचं. लूमची किती पोरं त्यांच्या हातचं जेवतात. विधवा बाई, एकटीनं सगळं उभं केलेलं.

एक ट्रस्टी मनापासून काळजीत पडले. "बाई चांगल्या आहेत हो. पण त्यांचे मिस्टर नाहीत. मिटिंगला कोण येणार?"

मी म्हटलं, "त्या येतील."

त्यांना अजून पटेना. "ते खरं, पण..." म्हणाले, आणि मग स्वतःच थांबले. सगळ्यात आधी तेच हसले, आणि ठराव त्यांनीच मांडला.

वर्ग दुपारी भरतो. एक निवृत्त गुजराती शिक्षिका येतात. आम्ही गप्पा मारल्या की त्या टेबलावर फूटपट्टी आपटतात. आमच्यातल्या काहींना नातवंडं आहेत, तरी दचकतो. मी पहिल्या बाकावर असते. आता ट्रस्टचा कागद आला की मी तो मोठ्यानं वाचते, अडखळत, आणि पुरता वाचून झाला की सही करते. त्यामुळे मिटिंग लांबते. आप्पा कुरकुरतात, "पूर्वी अर्ध्या तासात घरी जायचो." खानावळवाल्या बाई तर हॉलमागच्या स्वयंपाकाच्या शेडचा भाडेकरार अशा बारकाईनं तपासतात की शेड भाड्यानं घेतलेला केटररही आता आधी त्यांनाच फोन करतो.

गेल्या महिन्यात मिटिंग चालू असताना दार उघडलं आणि आप्पांच्या मिसेस, आमच्या काकू, आत आल्या. आमच्या आधीच्या पिढीच्या, डोक्यावर पदर. आप्पा गडबडले. "काय झालं? घरी काही..."

"काही नाही झालं," त्या म्हणाल्या. "ह्या बाया इथं काय करतात ते बघायला आले."

त्या माझ्या मागच्या खुर्चीवर बसल्या. आप्पा एकदम ताठ बसून वाचायला लागले. खानावळवाल्या बाईंनी त्यांना मध्येच दोनदा अडवलं आणि दोन्ही वेळा आप्पांनी ऐकून घेतलं. काकू सगळं नीट बघत होत्या. थोड्या वेळानं माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "घरी तर कुणाला मध्ये बोलू देत नाहीत गं."

समोरून आप्पांनी कागदावरून डोकं वर न करताच वॉचमनकाकांना हाक मारली, "चहा एक जास्त सांगा."