काट्यावर ठेवण्याआधी

"ताई, आज दुकान उघडलं नाई," एवढंच मामेभाऊ विनोद फोनवर म्हणाला आणि मला कळलं, गोविंदमामा गेले. हिंगणघाटच्या बाजारातलं मामांचं ते भांड्यांचं दुकान. संप असो की पूर, अर्धं शटर तरी वर असायचंच. या गोष्टीला आता महिना होत आला. मामांवर लिहायला बसले की डोळ्यांसमोर सगळ्यात आधी येतात ते विलायतेतल्या कुठल्याशा हिरवळीवर छत्र्या घेऊन रांगेत उभे असलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या. वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. मामांनाही सुरुवातीला वाटलं होतं...

मामांचा धंदा सरळ होता. नवी स्टीलची भांडी विकायची आणि जुनी पितळी, तांब्याची भांडी मोड म्हणून वजनावर घ्यायची. नव्वदच्या दशकात आमच्याकडे घरोघरी पितळ नकोसं झालं होतं. कल्हईवाले फिरकेनासे झाले होते, चिंच लावून घासत बसायला कुणाला सवड नव्हती. बाजाराच्या दिवशी अल्लीपूरहून, गिरडहून बाया गाठोडी घेऊन यायच्या. मामा भांडं काट्यावर ठेवायचे, भाव सांगायचे आणि पोत्यात जास्त मावावं म्हणून हातोडीने ते चेपून टाकायचे. त्या भांड्यांवर नावं असायची. लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालूनच द्यायचं, ही आपली पद्धत. अमकीच्या लग्नात तमक्याकडून सप्रेम भेट. हातोडीखाली ती नावंही चेपायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

दुकानाच्या मागच्या खोलीत टीव्ही होता. गावात केबल आली, तशी मामा दुपारी जेवून, गिऱ्हाईक नसलं की, तिथे आडवे होऊन बटणं दाबत बसायचे. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सुट्टीत मामांकडे गेले होते. एका इंग्रजी चॅनलवर तो कार्यक्रम लागला. जुन्या वस्तूंचा कार्यक्रम, आणि तो स्वतःही जुनाच. रंग विटलेले, कोटांच्या कॉलरी हातभर. एका मोठ्या विलायती हवेलीपुढच्या हिरवळीवर टेबलं मांडलेली. लोक आपल्या घरातलं काहीबाही वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन येतात. कपबशी, बंद पडलेलं घड्याळ, एक पाय नसलेली बाहुली. समोर बसलेला जाणकार गृहस्थ ती वस्तू हातात घेतो, उलटी करून बुडाशी बघतो, ती कुठे घडली, कशी घडली ते सांगतो आणि शेवटी तिची किंमत. संपलं. ना गाणं, ना मारामारी. मी चॅनल बदलायला हात पुढे केला तर मामा उठून बसले.

"याचा काटा कुठी हाय वं?"

मी म्हटलं, काटा नसतो मामा. नुसतं बघून भाव सांगतात. मला वेड लागलंय की काय, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर एका म्हातारीने आपल्या किटलीची किंमत ऐकली, तोंडावर हात ठेवला आणि किटली परत कागदात गुंडाळायला घेतली. मामा वाट बघत होते. पैसे कधी देतात याची.

"पैसे नाई घेतले तिनं?"

"ती विकायला आलीच नव्हती मामा."

"मंग कायले आलती?"

आपल्या घरात काय आहे ते कळावं म्हणून, असं काहीतरी मी बोलले. जन्मभर ज्या माणसाने भांडं बाहेर निघालं म्हणजे विकलं गेलं असंच पाहिलं होतं, त्याला ती म्हातारी पेलवेना. दुसऱ्या दिवशी ते जेवायला अर्धा तास आधीच येऊन बसले.

तेव्हापासून तो कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, मी असले की अर्धंमुर्धं सांगायचे, नसले तर ते नुसतेच बघायचे. त्यांना भुरळ पडली होती ती त्या निवांतपणाची. एका चहाच्या भांड्यासाठी माणूस एवढा वेळ देतो, घाई करत नाही, मागच्या रांगेतलं कुणी ओरडत नाही. "दोन्ही हातानं धरते पाह्य," ते म्हणायचे, "लेकरू उचलल्यावाणी." एकदा मध्येच म्हणाले, "हे म्हातारी आता असन का गं?" कार्यक्रम कितीतरी वर्षांपूर्वीचा, म्हातारी तेव्हाच पिकलेली. किटली मात्र कुठेतरी असणारच. मला जे करमणुकीचं वाटत होतं, त्यात या माणसाला केवढं काय दिसत होतं...

मग एके दुपारी पडद्यावर एक गृहस्थ शिवणाचा छोटा पेटारा घेऊन आला. जाणकाराने झाकण उघडून आतलं नाव मोठ्याने वाचलं. मामांनी विचारलं, काय वाचलं? मी म्हटलं, नाव. त्याच्या बहिणीचं. ती आता नाही. मामांनी टीव्ही बंद केला.

माझी आई ही मामांची धाकटी बहीण. मी लहान असताना ती गेली. बाबांची बदली झाली तेव्हा त्यांनी घरातलं सगळं पितळ मामांच्याच दुकानात मोडीला दिलं आणि स्टीलचा संच घेतला. मला हे ठाऊक होतं, पण कधी मनात घोळलं नव्हतं.

"तुह्या मायचा पाण्याचा गुंड मीच काट्यावर ठेवलता," मामा म्हणाले. "लग्नात आलेला. त्याच्यावर नाव होतं. कोणाचं होतं ते मी वाचलंच नाई, पोरी. वजन पाह्यलं." मी म्हटलं, असू द्या मामा. ते म्हणाले, "बहीण होती नं माही." त्यांचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं, आईसाठी आलं की मामांसाठी, ते अजून सांगता येत नाही.

तो गुंड, आईचा पाण्याचा पितळी हंडा, कधीच वितळून गेला होता. तो परत येणार नव्हता, म्हणून मामांनी दुसरंच सुरू केलं. कुणीही मोड आणली की ते आधी भांडं उलटंसुलटं करायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे, नाव शोधून मोठ्याने वाचायचे आणि विचारायचे, "हे कोण हो, बाई?" बाया आधी बावरायच्या, मग बोलायला लागायच्या. एकीने आपल्या आत्याचं सांगितलं. हातभर नाव घालून एवढीशी वाटी देणारी आत्या! सगळं दुकान हसलं. एक गिरडची बाई नाव ऐकताच खाली बसली. तिच्या वडिलांचं होतं, तिला वाचता येत नव्हतं, इतकी वर्षं ती ते घासत होती. तिने लोटा पदराने पुसला आणि परत घेऊन गेली. अशा परत जाणाऱ्या पुष्कळ झाल्या.

धंद्याच्या दृष्टीने हे चांगलं नव्हतं. विनोद, मामांचा एकुलता एक मुलगा, तोवर दुकान बघू लागला होता. त्याच्यावर बायकोपोरांचा भार. समोरचा दुकानदार काही न विचारता मोड घेत होता. "बाबा, दुकान चालवून राह्यले का गप्पा करून राह्यले?" असं तो चारचौघांत म्हणायचा आणि मान खाली घालून कॅलक्युलेटर बडवत बसायचा. मामा म्हणायचे, "तुले वाचाचं नाई तं नको वाचू. मी वाचल्याबिगर ठेवणार नाई." बापलेकांत त्यावरून अबोलाही झाला. पुढे केबलवाल्याने ते चॅनलच काढून टाकलं. मामा त्याच्या हपिसात जाऊन "ते विलायती, भांडे उलटे करून पाहातेत ते लावा" म्हणून भांडून आले. काही उपयोग झाला नाही. कार्यक्रम गेला, पण दुकानातलं वाचन राहिलं.

शेवटच्या भेटीत त्यांना दम लागत होता. म्हणाले, "मी गेल्यावर विनोद धडाधड हातोडी चालवन. त्याले काऊन ऐकू येत नाई कोनास ठाऊक." त्यांना मरणाची भीती नव्हती, ही एकच होती. मी तोंडदेखलं "नाही हो मामा" म्हणाले. मलाही विनोदची खात्री वाटत नव्हती.

तेरवीनंतरच्या बाजाराच्या दिवशी मी दुकानात जाऊन बसले. गादीवर विनोद. अल्लीपूरची एक तरुण सून गाठोडं घेऊन आली. त्याने पितळी परात उचलली, हात काट्याकडे गेला... आणि थांबला. त्याने परात उलटी केली. कडेशी बोट फिरवत वाचायला लागला, "शोभाच्या लग्नात... गोविंद रामाजी यांजकडून..." पुढचं त्याला वाचवेना. ओळखीपाळखीच्या किती पोरींच्या लग्नात मामांनी भांडी दिली, याचा हिशेब त्यांनीही ठेवला नव्हता.

"सासूबाईची हाय," ती सून म्हणाली. "कोण हो हे?"

"माहे बाबा," विनोद म्हणाला. परात त्याने मांडीवर घेतली आणि सांगायला लागला. शोभाबाईंचे वडील कोण होते, सायकलला परात बांधून बाबा लग्नाला कसे निघाले, वाटेत चाक बसलं, पायी पोचले तोवर अक्षता पडून गेल्या होत्या, आणि नवरी पानावरून उठून त्यांच्या पाया पडायला आली. मी यातलं अक्षरही कधी ऐकलं नव्हतं. मान खाली घालून कॅलक्युलेटर बडवणाऱ्या या मुलाने बापाचा शब्द न् शब्द ऐकून ठेवला होता, आणि बापाला ते न कळताच तो गेला. मी थक्क होऊन बघत होते. दोन गिऱ्हाईकं पायरीवर ताटकळली होती, समोरच्या दुकानात हातोडी चालू होती. विनोदने परात दोन्ही हातांनी धरली होती.