गाडीच्या तोंडावरचे खण

देवीवर मी चिडले होते, ते लपवत नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे मी, गोड करून लिहिता येत नाही.

माझी थोरली बहीण आक्का कुडपणला असते. तिला साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडली, ताप भरला, तरी दवाखान्यात यायला तयार नव्हती. ऐकते ती फक्त माझं. डॉक्टर म्हणाले, आजच आणा, नाहीतर पाय जाईल. म्हणून मी आणि माझा मुलगा सकाळीच महाडहून निघालो, माझ्या नवऱ्याच्या जुन्या गाडीतून.

नवरा गेल्यावर ही गाडी मुलाने जिवापाड सांभाळली. पण गेले काही महिने चढ लागला की ती तापायची. एका मेकॅनिकने रेडिएटर उतरवून साफ केला, दुसऱ्याने पाण्याचा पंप बदलला, फॅनचा पट्टा नवा घातला. सगळे शहाणे, आणि गाडी तापतच होती. प्रत्येक वेळी मी देवीच्या पायाला लावलेला एक खण आणून गाडीच्या पुढच्या जाळीवर बांधायची, सोबत हार. मुलगा कुरकुरायचा, "आई, पुढे नको बांधू." मी म्हणायची, "तुझ्या मेकॅनिकांनी काय उजेड पाडला?" मग तो फडकं घेऊन काच पुसायला लागायचा.

त्या दिवशी पोलादपूर सोडून कुडपणचा चढ लागला आणि काटा लाल खुणेवर गेला. वाफ निघाली. मुलगा म्हणाला, आत्ता रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल. फोनला रेंज नाही, रस्त्याला दुसरी गाडी नाही. माझा तोल सुटला. मी आभाळाकडे बघून ओरडले, "पाच खण दिले तुला! आणि माझ्या बहिणीचा पाय घेतेस? लाज नाय वाटत?"

"कुणाला शिव्या घालतेस गो म्हातारे?"

मागे माझ्याच वयाची बाई उभी होती, डोक्यावर पाण्याचा हंडा.

"देवीला."

"शाणी हायस! गाडी चढाला धापा टाकते, आन् तू तिच्या नाकातोंडावर कापडं बांधलीस. तुझ्या तोंडावर बांधू?"

मुलगा हसला. माझ्या अंगाची आग झाली. तिने हंडा खाली ठेवला आणि स्वतः गाठी सोडल्या. खणांमागे वाळलेले हार धुरळ्याने गच्च होऊन जाळीत बसले होते. मुलगा हळूच म्हणाला, "आई, आत वाराच जात नव्हता." इंजिन निवल्यावर त्याने ओल्या गोणपाटाने झाकण उघडलं, तिने हंड्यातलं पाणी बेताबेताने ओतलं. एक खण माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "ऊन लागतंय तुला."

गाडी चढली. आक्का अंथरुणातून म्हणाली, "वाटेत मेलीस का?"

"तुझ्यासाठी देवीशी भांडून आले. ऊठ."

उठली. अंगठा गेला, पाय राहिला.

त्या बाईला मी नंतर दोनदा शोधलं. हंडेवाल्या बाया भेटल्या, ती नाही. ती कोण होती हे मी ठरवत नाही. राग अजून येतो, मुलाचा, की त्याने ठणकावून का सांगितलं नाही. आणि त्याहून जास्त माझा. शरण जायचं म्हणजे देवीला आणखी काही वाहायचं, एवढंच मला ठाऊक होतं. माझी गाठ सोडायला तिला कुणाला तरी पाठवावं लागलं, हे तिचे उपकार. आता जाळी मोकळी असते. देवळात हात जोडते आणि गप्प बसते. गप्प बसणं मला फार जड जातं. तेवढंच तिला वाहते.