शिकेकाईचा चोथा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सकाळी सुनेने शिकेकाई उकळायला ठेवली. तो तुरट-आंबूस वास घरभर झाला, तसा मी उठून अंगणात जाऊन बसलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही भिंगारला राहत होतो. बायको आजारी होती आणि ती यातून उठणार नाही, हे डॉक्टरांनी फक्त मला सांगितलं होतं. शिकेकाई तिच्या माहेरची, राजूरहून आईने धाडलेली. शेंगा, रिठे, आवळकाठी रात्री भिजत घालायची, सकाळी उकळून कुस्करायची, फडक्यातून गाळायची. ती खाटेवरून सांगायची, मी करायचो.

त्या दिवशी मी तिला न्हाऊ घालत होतो. शिकेकाई झोंबते म्हणून तिने डोळे गच्च मिटले होते. फेसाबरोबर केसांचा पुंजकाच माझ्या हातात आला.

"काय आलं वो हातात? केस जात्यात का?" ती म्हणाली. "खरं सांगा. जात असतील तर मला आताच आईकडं न्या. न्हाईतर दिवाळीला जाऊ."

"न्हाई गं. चोथा हाय."

ती हसली. "साधं गाळायचं बी जमंना तुमाला!"

तिने डोळे उघडायच्या आत मी तो ओला पुंजका खिशात कोंबला. तेव्हा वाटलं, तिला जपलं. आता वाटतं, मी नुसता घाबरलो होतो.

दिवाळी तिला दिसली नाही. तिला राजूरला न्यायचं माझ्याकडून राहिलंय.