विहीणबाई सायकल शिकतात

मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मी एक थाप मारली, आणि तीही कुणी काही विचारलेलं नसताना. मुलाकडची माणसं पोहे खात होती. मंदाला काय काय येतं याची उजळणी आमच्या जाऊबाईंनी करून टाकली होती, स्वयंपाकापासून भरतकामापर्यंत, आणि मग खोलीत जरा शांतता पसरली. शांतता पसरली की काहीतरी बोलून ती बुजवल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी म्हणाले, "आमच्याकडं सायकल तर सगळ्यांनाच येते. मला सुद्धा येते." मला सायकल येत नव्हती. सायकलला मी पेलले असते की नाही हाही प्रश्नच होता, कारण तेव्हा मी अशी होते की मी रिक्षात बसले की रिक्षावाला दुसरी सवारी घ्यायचं नावच काढत नसे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पोह्यांबरोबर ते वाक्यही पोटात घालून विसरून गेले. एक माणूस सोडून. ते माणूस म्हणजे मुलाची आई.

माझ्या विहीणबाईंइतक्या पक्क्या स्मरणाची बाई नांदेडपासून वाशिमपर्यंत झाली नाही आणि होणारही नाही. कुठल्या लग्नात त्यांना हळदीकुंकू लावायचं राहिलं, कुणाच्या बारशाला वरण अळणी होतं, कुणी कितव्या पंगतीला बसवलं, सगळं तोंडपाठ. अंगानं त्या माझ्याही वरताण. दारात उभ्या राहिल्या की आमच्या घरात भरदुपारी सांजवेळ व्हायची. नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, आणि चालण्याशी उभं वैर. वाड्यातून मळ्यात जायचं तर बैलगाडी, मळ्यातून गावात यायचं तर ट्रॅक्टर. डोंगरकडा हे त्यांचं गाव; तिथं त्यांना पायी चालताना पाहिलेला माणूस दाखवा, असं त्यांचा मुलगाच, म्हणजे आमचा जावई, म्हणायचा.

मंदाच्या लग्नाला तीनेक वर्षं झाली असतील. हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता आणि आमच्या हिंगोलीतला प्रत्येक माणूस उगीचच जरा ताठ चालत होता. अशा एका सकाळी विहीणबाई पिशवी घेऊन आमच्या दारात.

"विहीणबाई, डागदर म्हणे साखर लई वाढली," बसता बसता त्या म्हणाल्या. "म्हणे रोज चालत जा. आमी काहून चालावं? घरी गाडी हाय, ट्रॅक्टर हाय. मी पायी निंघाले तर लोक म्हणतीन, ट्रॅक्टर इकला काय यायनं? म्हणलं, डागदर, दुसरं सांगा. म्हणे पोहा. म्हणलं, तिसरं सांगा. म्हणे मंग सायकल चालवा." एवढं बोलून त्यांनी पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. "समद्या सोयऱ्यात सायकल येणारी बाई एकच हाय. गावात शिकले तर समदं गाव पारावर बसून बघंल. म्हणून इथं आले. महिनाभर राहीन."

आमचे हे समोर वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र वाऱ्यावाचून हलायला लागलं.

मुलीच्या आईला 'नाही' हा शब्द वापरायची मुभा नसते, निदान आमच्या पिढीत नव्हती. आणि मला तर मंदाची काळजी होती. लग्नानंतर मी तिच्या घरी जेमतेम दोनदा गेले होते. दोन्ही वेळा पाटावर बसून चहा घेतला, ओटी भरून घेतली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले. लेकीच्या घरी मुक्काम करायचा तर कारण लागतं, तिचं बाळंतपण तरी किंवा दुखणं तरी, आणि मंदा ठणठणीत होती. एकांतात दोन शब्द बोलायला मिळत नसत. निरोप देताना तिच्या तोंडाकडं बघून, ही सुखात आहे का, याचा अंदाज बांधायचा आणि तो हिंगोली येईपर्यंत चघळायचा. तेव्हा विहीणबाईंची मर्जी हीच माझी पुंजी होती. त्या खूश तर मंदा खूश. त्यांचा पाय मोडला, तर पुढचं बोलायलाच नको.

म्हणून मी म्हणाले, "त्यात काय, सोपं असतं."

मंदाची शाळेतली सायकल न्हाणीमागं गंजत पडली होती, ती ह्यांनी दुरुस्त करून आणली. पहिल्या दिवशी विहीणबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि हँडलला लिंबू-मिरची बांधली. मग तिच्या सीटवर थाप मारून म्हणाल्या, "बघ बाई, मी तुला तकलीफ देणार न्हाई, तू मला देऊ नको." सायकलीनं काही वचन दिलं नाही.

पहाटे आम्ही रामलीला मैदानावर जायचो. त्यांचं लुगडं कासोट्याचं, त्यामुळं त्या सीटवर अशा ऐसपैस बसायच्या जशा काही जन्मापासून तिथंच आहेत. मी मागून कॅरिअर धरून ढकलायची आणि मनानंच बनवून बनवून शिकवायची. "समोर बघायचं." "पाय फिरवायचे." "मन घट्ट ठेवायचं." एवढ्यावर माझी विद्या संपत होती. सायकलला ब्रेक असतो हे मला ऐकून माहीत होतं, पण तो कुठं असतो आणि कधी दाबायचा हे माहीत नव्हतं, म्हणून मी त्या विषयाला हातच घातला नाही. त्याचा परिणाम असा झाला की आठवडाभरात विहीणबाई सायकल झकास चालवायला लागल्या, पण त्यांना थांबता येईना. सायकलशी त्या बैलाच्या भाषेत बोलत. निघताना जिभेनं टकटक करायच्या, थांबायचं असलं की "हो, हो, हो रं" म्हणायच्या, आणि सायकल ऐकत नसे. मग त्या मैदानाला चकरा मारत राहायच्या आणि मी कुठंतरी आडवी होऊन त्यांना मिठीत झेलायची. त्या महिन्यात माझं वजन उतरलं असेल तर ते या झेलण्यानं. शिकणारी एक आणि व्यायाम दुसरीला, असा तो प्रकार होता.

दुसरी अडचण पदराची. समोरून कुणी वडीलधारा पुरुष आला की विहीणबाईंचा हात आपोआप हँडलवरून सुटायचा आणि पदराकडं जायचा. डोक्यावर पदर घेईपर्यंत सायकल एका हातावर, आणि एका हातावर ती त्यांच्या नव्हे, स्वतःच्या मनानं चालायची. एकदा आमचे हे कौतुकानं बघायला मैदानावर आले. व्याही दिसताच विहीणबाईंनी पदर ओढला, आणि सायकल सरळ व्याह्यांच्याच दिशेनं निघाली. हे कडुनिंबाच्या बुंध्यामागं गेले म्हणून वाचले. घरी येऊन म्हणाले, "माणूस मान देतो तो असा अंगावर येऊन देतो हे मला माहीत नव्हतं."

घरात जेवणाचा वेगळाच खेळ. डॉक्टरनं गोड, भात, तूप बंद केलं होतं आणि विहीणबाई ते मनापासून पाळत होत्या. पण वाढताना आग्रह झाला नाही तर अपमान. पहिल्या दिवशी मी, त्यांना चालत नाही म्हणून, पुरणपोळीचं ताट त्यांच्यापुढून तसंच पुढं नेलं, तर त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "विहीणबाई, तुमी आग्रह करत जा. मी न्हाई म्हणत जाईन. पण करायचा बराबर." मग रोज मी घ्या म्हणायची, त्या नको म्हणायच्या, मी शपथ घालायची, त्या ताटावर दोन्ही हात आडवे धरायच्या, आणि सगळा मान यथासांग झाला की ती पोळी वाया जाऊ नये म्हणून मी खायची. मैदानावर झेलून जे उतरायचं ते स्वयंपाकघरात परत चढायचं.

हे असं चाललं असताना एक दिवस मैदानाचं फाटक उघडं राहिलं. विहीणबाई चकरेतून निघाल्या त्या फाटकातून बाहेर, आणि नरसीच्या रस्त्याला लागल्या. मी धावले. हे वाक्य लिहिताना आजही मला जरा अभिमान वाटतो. पुढं त्यांचं "हो, हो रं", मागं माझं "विहीणबाई, थांबा", आणि थांबायचं कसं ते मीच कधी शिकवलेलं नाही. गावाबाहेर पडताच उतार लागला, त्या दिसेनाशा झाल्या. माझा दम संपला तेव्हा एका काळ्यापिवळ्या जीपवाल्यानं मला मागं लटकवून घेतलं. त्या वाटेत मी मंदाचा सगळा संसार मोडलेला बघितला. सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा अबोल, आणि येताजाता एकच बोलणं, तुझ्या आईनं माझ्या आईचं हे केलं.

उतार संपला तिथं रस्ताभर मेंढ्या होत्या आणि मेंढ्यांच्या मधोमध विहीणबाई मांडी घालून बसल्या होत्या. गुडघा सोलटलेला, हातातल्या बांगड्या फुटलेल्या, सायकल बाजूला आडवी. एक धनगर म्हातारबा काठी टेकून त्यांच्यापुढं उभा होता.

"सरळ तर येऊन राहिल्या होत्या माय तुमी," तो म्हणत होता. "एकदम हात काहून सोडला?"

"तुमी दिसले म्हणून," विहीणबाई म्हणाल्या. "वडीलधारं माणूस समोर आलं तर पदर न्हाई घ्यावा काय?"

म्हातारबा जरा विचारात पडला. "मंग आधी सांगायचं होतं माय. मीच तोंड फिरवलं असतं."

एवढं बोलून तो मेंढ्या हाकत निघून गेला. आम्ही दोघीच उरलो. विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. "विहीणबाई, एक सांगा. ही गाडी थांबते कशी?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले, आणि रडायलाच लागले. रडता रडता सगळं सांगून टाकलं. बैठक, पोहे, शांतता. मला सायकल येत नाही, कधीच येत नव्हती. माझ्यावर काय राग काढायचा तो काढा, पण मंदावर काढू नका.

त्यांनी गुडघ्यावर फुंकर घातली. मग म्हणाल्या, "आन् पोरीला सैपाक येते म्हणलं होतं, ते?"

"ते जाऊबाई म्हणाल्या होत्या."

"ते मला पैल्या भाकरीलाच समजलं. भाकर हाय का नकाशा, तेच कळंना." त्यांनी फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे पदरात गोळा केले. "मंग मीच शिकवलं. आता माझ्यापेक्षा बरी करते. तिला सांगू नका, डोक्यावर बसंल." तीन वर्षं मी मंदाच्या तोंडावरून जे ओळखू बघत होते, ते मला त्या मेंढ्यांच्या धुळीत असं फुकट मिळालं.

उठायला त्यांना हात दिला तर त्यांनी माझ्या स्वच्छ साडीकडं निरखून बघितलं. "घरी सांगू, मेंढ्या आडव्या आल्या आन् दोघीबी पडलो. मी एकटीच पडले म्हणलं तर माझं पोरगं तुमच्या पोरीला बोलंल. बसा तुमी बी जरा मातीत." मी बसले. त्यांच्या हिशेबानं ते पुरेसं नव्हतं. "लोळा थोडं," त्या म्हणाल्या. मी लोळले.

पुढचं शिक्षण ह्यांच्याकडं आलं. पदराची भानगड नको म्हणून हे मैदानात आमच्याकडं पाठ करून उभे राहायचे आणि कडुनिंबाकडं बघत ओरडायचे, "उजव्या हाताचं दाबा, हळू दाबा." विहीणबाईंनी पदर डोक्याला पिना लावून टाचून टाकला. महिन्याच्या शेवटाला त्या पाहिजे तिथं थांबायला लागल्या आणि स्वतःची स्वतः उतरायलाही. वजनकाट्यावर मात्र चढल्या नाहीत, काट्यावर सोयाबीन चढते, माणूस नाही, असं म्हणाल्या. पण लुगड्याला आणखी एक निरी पडायला लागली होती, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टर खूश झाला. पुढं कितीतरी वर्षं त्या मळ्यात सायकलवर जायच्या. पारावरची माणसं वळून भिंतीकडं तोंड करून बसायची, म्हणजे विहीणबाईंना हात सोडावा लागू नये. आधी थट्टेनं बसत असतील. नंतर ती रीतच झाली.

माझं म्हणाल तर, सायकल स्टँडवर लावलेली असली की मला उत्तम येते. त्यापुढं गाडी गेली नाही. आता माझी नात, मंदाचीच मुलगी, स्कूटीवर मला मागं बसवून फिरवते, आणि वळणावर मी अजून डोळे मिटून घेते. विहीणबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. पहाटे जाग आली की कधीकधी वाटतं, कुणीतरी बाहेर जिभेनं टकटक करतंय. कूस बदलते झालं.

महिना संपला तेव्हा मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले होते. डोंगरकड्याची गाडी लागली. त्या वर चढल्या, खिडकीशी बसल्या, गुडघ्यावरची खपली चाचपली, आणि गाडी हलायच्या आत मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "आता तुमी या आमच्याकडं. लेकीला भेटायला आल्या म्हणलं तर लोक तिसऱ्या दिवशी इचारतेत, कवा जाणार. सायकल शिकायला आल्या म्हणलं तर कोणी इचारत न्हाई, महिना लागते. तुमाला तर दोन लागतीन."