बारांतले पाच तारे

आमच्या प्रांताचा झेंडा बोर्डाच्या ठरावाने बदलायचा, पण खरा बदलायचा तो कोनसोर्सिया दिम्सोन यांच्या शिवणयंत्रावर. ठरावाची प्रत त्यांच्या घरी पोचवणं माझ्याकडे होतं. मी प्रांताच्या कचेरीत कारकून. सगळे त्यांना मानांग सोर्सिंग म्हणत, म्हणजे सोर्सिंगताई. मला त्या 'तोतो' म्हणायच्या, धाकट्या भावाला म्हणतात तसं, माझे केस पिकल्यावरसुद्धा.

पहिला झेंडा त्यांनी सदुसष्ट साली शिवला. हिरवं कापड, अकरा गावांचे अकरा पांढरे तारे, दोन्ही बाजूंनी. पुढे लष्करी कायदा आला. नव्या गव्हर्नरांना हिरवा रंग मिळमिळीत वाटला, म्हणून झेंडा लाल झाला. शहाऐंशीत ती राजवट पडली, मग लाल नकोसा झाला आणि निळा आला. नंतर एका गावाची दोन गावं झाली, बारावा तारा लागला. दर वेळी शाळा, पोलीस ठाणी, गावोगावच्या कचेऱ्या, सगळ्यांचे झेंडे मानांगच्याच हातून.

"आता काय, तोतो?" मला दारात पाहिलं की त्या विचारायच्या. आवाजात राग नसे. दमणूक असे.

"निळा म्हणताहेत, मानांग."

"असू दे. निळ्यावर मळ कमी दिसतो."

दोन हजार चार साली नदीपलीकडच्या पाच गावांना वेगळा प्रांत हवा होता, आणि त्यासाठी मतदान होणार होतं. त्या पाचांतलं एक मानांगचं माहेर. त्यांचा भाऊ मेलेसियो तिथेच मास्तर होता. मतदानाआधीच्या रविवारी तो जेवायला आला, योगायोगाने मीही होतो. सुकी मासळी आणि भात पुढे होता.

"मत कुणाला देणार?" मानांगने विचारलं.

"वेगळ्या प्रांताला. इस्पितळ गाठायला आम्हाला दोन बोटी बदलाव्या लागतात, मानांग. किती दिवस काढायचे असे?"

"मग तुझ्या गावाचा तारा मीच उसवायचा?"

"उसव की! तुझं काय जातंय? दोऱ्यानेच तर लावलायस!" तो हसला. मानांग हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

पाच गावं सुटली. बोर्डाने ठराव केला: नवं कापड घ्यायचं नाही, आहेत त्याच झेंड्यांवरचे पाच तारे काढायचे. एकतीस झेंडे आले. सहा आठवडे मानांग खिडकीशी बसून ब्लेडने टाके कापत होत्या. मानेला पट्टा बांधला होता, डोळ्यांतून पाणी यायचं. आपल्या माहेरचा तारा कुठला ते त्यांना ठाऊक होतं. तो त्या आधी काढायच्या, म्हणजे मग बाकीचं नुसतं कापड उरतं, असं म्हणाल्या.

पण निळं कापड उन्हाने विटलं होतं आणि ताऱ्यांखालचं नव्यासारखं राहिलं होतं. पांढरे तारे गेले आणि त्यांच्या जागी गडद निळे पाच तारे ठसठशीत दिसू लागले. झेंडे चढवले त्याच दिवशी गव्हर्नरांचे सचिव मला घेऊन मानांगच्या घरी आले.

"बाई, हे काय? लोक हसताहेत. पाच गावं अजून आमचीच आहेत असं वाटतंय."

"काढले तर मी. बाकी उन्हाचं आहे."

"रंगवा, नाहीतर वर ठिगळ लावा."

मानांगने कात्री डब्यात ठेवली, झाकण लावलं. "नाही जमायचं, सर," त्या म्हणाल्या. सदतीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून पहिला नकार ऐकला. "मी आता दमले."

महिनाभरात बाहेरून छापील झेंडे आले, पातळ, चकचकीत, सात ताऱ्यांचे. एक मी मानांगला दाखवायला नेला. त्यांनी तो खिडकीपाशी धरला आणि म्हणाल्या, "हा तारा उलटा छापलाय."

"कचेरीत सांगू?"

"नको. बदलतीलच परत कधीतरी."

त्याच वर्षी मेलेसियोने त्यांना आपल्याकडे नेलं. नदीपलीकडे, दुसऱ्या प्रांतात. जाताना शिवणयंत्र शेजारणीला देऊन टाकलं. तीन वर्षांनी भेटलो तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. आवाजावरून ओळखलं, हात धरून बसवलं. झेंड्याचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. भाऊ शाळेतून कधी येतो त्याकडे त्यांचा कान होता.