पहिला घास आत्मारामचा

आत्माराम जेवायला बसला की आधी डोळे मिटायचा. देवाचं नाव घ्यायला नव्हे. कालवणात कालवलेल्या भाताचा पहिला घास तोंडात टाकायचा, डोळे मिटायचा आणि गप्प. तोपर्यंत बाकी कुणी ताटाला हात लावायचा नाही. मग तो डोळे उघडायचा आणि निकाल सांगायचा. "मीठ पास. कोकम जुनां. तिरफळ एक जास्त पडला." एवढं झालं की आम्ही जेवायला मोकळे.

आत्माराम माझा साडू. माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे अक्का, तिचा हा नवरा. ते मुलुंडला, आम्ही दिंडोशीला. महिन्यातला एक रविवार ठरलेला. लिंक रोडची बस पकडून दोघं सकाळी दहाला आमच्याकडे यायची ती संध्याकाळचा चहा पिऊनच निघायची. त्यांची खोली लहान, आमच्याकडे हॉल आहे, म्हणून बैठक आमच्याकडेच. मासळी मी आणायची, कालवण सूनबाईने करायचं, सोलकढी बायकोने, आणि निकाल आत्मारामने.

निकाल देणं हा त्याचा जुना धंदा. आम्ही दोघं एकाच गिरणीत. मी साच्यावर, म्हणजे कापड विणायला, आणि तो घडी खात्यात, म्हणजे विणलेलं कापड तपासायला. आडव्या टेबलावर कापड सरकत जायचं आणि हा त्यावर नुसता तळहात फिरवायचा. एक धागा तुटलेला असला तरी ह्याच्या हाताला कळायचं. माझे किती तागे त्याने नापास केले असतील त्याला गणती नाही. एका ताग्यावरून तर आम्ही मारामारीवर आलो होतो. माझं म्हणणं त्यात खोट नव्हती. त्याचं म्हणणं होती. गिरणी बंद पडली, तिथे काचेचे टॉवर आले, तरी तो वाद मिटला नाही. रविवारी दुपारी जेवून चटईवर आडवे झालो, पंख्याखाली पाय पसरले, की मी हळूच काढायचो, "त्या ताग्यात खोट नव्हती हां आत्माराम."

"होती."

"कुठे होती? दाखव."

"आता कसो दाखवू? त्येची चादर करून कोण तरी निजलो आसतलो."

मग आतल्या खोलीतून अक्का ओरडायची, "अहो, चाळीस वर्षं झाली! फाटली ती चादर!"

पण माझं लग्न ह्याच माणसाने जुळवलं, हेही सांगायला पाहिजे. सासऱ्यांनी त्याला विचारलं होतं, तुमच्या गिरणीतला तो पोरगा कसा आहे? हा म्हणाला, "कापड जाडाभरडा आसा, पण उसवूचा नाय." मला हे लग्नानंतर कळलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. जाडाभरडा म्हणजे काय? मी चौथी शिकलेलो असेन, पण माझ्या साच्याला अख्ख्या खात्यात कुणी बोट लावत नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, पुढचं ऐका ना, उसवणार नाही म्हणाले." पण मला पहिलंच लागलं होतं.

पुढे मी गोरेगावला एका स्टुडिओच्या गेटवर वॉचमन झालो आणि तो अंधेरीत शर्टांच्या कारखान्यात चेकर. तिथेही पास आणि नापास. त्याच्या तोंडात दुसरी भाषाच नव्हती. कालवण पातळ झालं तर "वीण सैल." मासा जास्त शिजला तर "दुसऱ्या नंबरचो माल." माझ्या मुलाच्या, महेशच्या लग्नात आचाऱ्याने कौतुकाने विचारलं, काका, कसं झालंय? हा म्हणाला, "खपात," म्हणजे खपून जाईल. तो आचारी पंगत संपेपर्यंत पुन्हा बाहेर दिसला नाही. आणि सगळ्यात मोठी तारीफ म्हणजे "पास". त्याच्यावर शब्द नाही. सूनबाई साताऱ्याकडची. तिने बांगडा हातात धरला तोच आमच्या घरात येऊन. तिच्या कालवणाला सहाव्या महिन्यात पहिलं "पास" मिळालं, तर तिने माहेरी फोन करून सांगितलं.

मला ह्या सगळ्याचा राग यायचा. खोटं कशाला बोलू? मासळी निवडून मी आणायची, गलफडी उघडून मी बघायची, आणि मान ह्याचा. मनात म्हणायचो, एक दिवस चुकशील मेल्या, आणि त्या दिवशी मी बोलेन.

तो दिवस आला. करोनाच्या साथीत त्या दोघांना ताप आला होता. बरे झाले, पण रविवार बंद पडले ते चार महिने. पुन्हा आले तेव्हा घरात सणासारखं झालं. मी सुरमई आणि बांगडे आणले. दरवाज्यातच अक्का आणि बायको एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि दोन मिनिटांनी खोबरं कुणी किसायचं यावरून भांडल्या. टेबलावर सगळे बसलो. आत्माराम माझ्या बाजूच्या खुर्चीत, नेहमीप्रमाणे. घास घेतला, डोळे मिटले. सूनबाई वाटी हातात धरून उभी.

डोळे उघडून तो म्हणाला, "झकास! मीठ एकदम बरोबर."

मी चपापलो. झकास? ह्या माणसाने जन्मात कधी झकास म्हटलं नव्हतं. मी घास घेतला. मला डॉक्टरने मीठ तोडायला सांगून दोन वर्षं झाली होती. रोज माझी आमटी वेगळी, अळणी. फक्त ह्या एका रविवारी मी हट्टाने सगळ्यांचं खायचो. त्या माझ्या अळणी जिभेलाही कळलं, की कालवणात मीठ पडलेलंच नाही. कमी नाही, अजिबात नाही.

महेश म्हणाला, "काका, मीठच नाहीये ह्यात."

सूनबाईने चाखलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! विसरलेच मी!"

सगळे आत्मारामकडे बघायला लागले. तो ताटात बघत होता. त्याचा हात भातावर तसाच राहिला होता. तीस-चाळीस वर्षं मी ज्या घटकेची वाट बघत होतो ती माझ्या पुढ्यात होती. नुसतं तोंड उघडायचं होतं. मी उघडलं, आणि म्हणालो, "मीठ बरोबर आहे."

"आबा?" महेश म्हणाला.

"ह्याला मूळची चव म्हणतात. आमच्या गावी बांगड्याला वरून मीठ घालतच नाहीत. समुद्राचं असतं ना त्यात."

बायको म्हणाली, "कुठल्या गावी?"

"माझ्या."

"तुमच्या गावी चाळीस वर्षं येतेय मी."

"तू वरच्या वाडीला राहिलीस. खालच्या वाडीला नाही घालत."

मी ते कालवण दोनदा मागून घेतलं आणि तसंच खाल्लं. आत्मारामनेही खाल्लं. बाकीच्यांनी मीठ घालून घेतलं आणि दोन म्हातारे चळले असं धरून चालले.

दुपारी चटईवर पडल्यावर मी विचारलं, "काय झालंय?"

पंख्याकडे बघत तो म्हणाला, "ताप इल्यापासून जिभेर कायच लागणा नाय रे सदा. कागद खाल्लो काय नि सुरमय खाल्ली काय, सारख्याच."

"मग डोळे मिटून काय करतोस?"

"तेवढाच रवलाहा. ताबडतोब कसा सोडू? सगळी वाट बघतत ना." मग म्हणाला, "कोणाक सांगशीत?"

मी म्हटलं, "मी वॉचमन होतो. गेटवर काय काय बघितलं ते आजपर्यंत बायकोला सांगितलं नाही."

तिथेच आम्ही खूण ठरवली. टेबलाखाली माझ्या पायाने त्याच्या पायाला एकदा टोचलं तर पास. दोनदा म्हणजे मीठ कमी. तीनदा म्हणजे जास्त. कोकम-तिरफळाचं तो नजरेने आणि अंदाजाने भागवणार. पुढच्या महिन्यापासून सुरू. अडचण एवढीच, की त्याच्या निकालाआधी मला चोरून घास घ्यावा लागायचा. तो डोळे मिटून जास्त वेळ बसायचा आणि मी पटकन बोट बुडवायचो.

"कसली घाई हो तुम्हाला?" बायको ओरडायची. "दाजींचं झालं नाही अजून."

"आबा खादाड झालेत," नात म्हणायची.

मला! ज्याने आयुष्यात कुणाकडे दुसऱ्यांदा भात मागितला नाही, त्याला खादाड! पण ऐकून घेतलं. शेजारी हा डोळे मिटून साधूसारखा बसलेला, आणि ओठ हसू दाबत असलेले. मग निकाल यायचा, "मीठ जरा जास्त झाला गो, मेघना," आणि सूनबाई मान डोलवायची. मला आतून फार बरं वाटायचं. बोलणारा तो, पण निकाल माझा. चाळीस वर्षांनी चेकरची खुर्ची मला मिळाली होती.

पुढच्या महिन्यातही मीठ जास्त. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मी तीनदा टोचायचो, तो सांगायचा, सूनबाई हात आखडता घ्यायची. दीडेक वर्ष असं चाललं. ह्या दिवसांत टेबलावर लोणच्याची बरणी आली, मग पापड आले, मग सुक्या जवळ्याची चटणी आली. महेश भातावर लोणच्याचा खार ओतून घ्यायचा. मी म्हणायचो, आजकालच्या पोरांना साधं जेवण गोड लागत नाही. आत्माराम म्हणायचा, "खरां आसा."

मागच्या वर्षी तो गेला. दुपारी जेवला, जरा पडतो म्हणाला आणि पडला तो पडलाच. त्या दिवशी काय जेवला होता असं मी अक्काला विचारलं. सगळ्यांना वाटलं, ह्याला ह्या वेळी हे काय सुचतंय. ती म्हणाली, "मोडाच्या मुगागाठी. दोन वेळा मागून घेतल्या."

तीन महिन्यांनी अक्का पुन्हा रविवारची आली. मीच हट्ट धरला होता. बैठक बंद पडू द्यायची नाही. मी पापलेट आणले. अक्का नेमकी माझ्या बाजूच्या खुर्चीत बसली. वाढून झालं. कुणी हात लावेना. नात ताटाकडे बघतेय, महेश माझ्याकडे. मी बोट बुडवलं, चाखलं, आणि सवयीने पाय पुढे गेला. एक, दोन, तीन.

आणि लक्षात आलं, की बाजूला अक्का आहे. थोरली मेव्हणी! मी गडबडीने वाकून तिला हात जोडले. "पाय लागला, अक्का."

अक्का हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "तीनदा म्हणजे मीठ जास्त. होय ना, भावजी?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मला नवरा एकच होता." मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, "इथून घरी गेले की हे पहिलं काय करायचे ठाऊक आहे? ताटात मीठ घेऊन भाताचे दोन घास खायचे. म्हणायचे, आज परत अळणी खावन इलंय."

"अळणी?" मी म्हटलं. "अहो, त्याला चव कुठे होती?"

"त्या वर्षीच्या गणपतीतच आली की परत. मोदकात वेलची जास्त पडली म्हणून ओरडले माझ्यावर."

मी मनात हिशेब जुळवत होतो. गणपतीनंतर किती रविवार झाले? तेवढे रविवार माझी अळणी जीभ सगळ्या घराचं मीठ तोडत होती, आणि तो बाजूला बसून, सगळं कळत असून, माझाच निकाल स्वतःच्या तोंडाने सांगत होता.

"मग मला बोलला का नाही?"

"मी म्हटलं त्यांना, सांगा तरी भावजींना. तर म्हणाले, 'जन्मभर त्येचां कापड मियां नापास केलंय. ह्यां एवढां पास करूंदे.'"

सूनबाई तोंडावर हात ठेवून उभी होती. हसू की रडू असं तिचं झालं होतं. महेशने हळूच विचारलं, "म्हणजे दीड वर्ष आपण..." आणि बायकोने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

मी हट्टी माणूस आहे. माझं चुकलं असं मी कुणाला कधी म्हटलेलं नाही आणि आता ह्या वयात म्हणणार नाही. मी मिठाची बरणी उचलली आणि सूनबाईपुढे ठेवली. म्हटलं, "बस इथे. तू चाख."

ती बसली. घास घेतला. नात म्हणाली, "आई, डोळे मिट." तिने मिटले. आम्ही सगळे थांबलो.

"कमी आहे, आबा," ती म्हणाली. "बरंच कमी आहे."

"मग घाल."

तिने कालवणात मीठ घातलं, ढवळलं, आणि आधी मला वाढलं. अक्का बघत होती. मी घास घेतला. माझ्या जिभेला तो खारट लागला, चांगलाच खारट.

मी डोळे उघडले आणि म्हटलं, "पास."