दाराजवळच्या दोन रांगा

"पहेरीने बताव," शेठ म्हणाला. घालून दाखव.

त्याच्या हातात एक काळा कोट होता. परदेशात कुणीतरी वापरून टाकून दिलेला. पाठीतून उभा कापलेला, एक बाही गायब. सुरतेजवळ इच्छापोरच्या कंटेनर यार्डात भर दुपारी आम्ही उभे होतो. कस्टमचे साहेब, माझा शेठ, चार हमाल आणि मी. साहेबांनी विचारलं होतं, हा माल चिंधीच आहे कशावरून? त्याचं उत्तर शेठला माझ्या अंगावर द्यायचं होतं.

मी घातला. हे आधीच सांगून टाकतो. नाही म्हणालो नाही. हात आपोआप वर गेले. कॉलरला कुणाचे तरी पिवळट केस चिकटलेले. वरून डांबरगोळ्यांचा वास, त्याच्या खाली जुन्या घामाचा. खिशात हात गेला तर नाक पुसून कोंबलेला कागदी रुमाल. कडक झालेला.

हमाल हसले. शेठ साहेबांकडे वळला. साहेबांशी तो हिंदीत बोलायचा.

"देखो साहब, कोई आदमी पहनेगा ये? हाँ, इसकी बात अलग है. इन लोगों को तो उतरा हुआ ही चढ़ता है."

साहेब हसले नाहीत. हातातल्या कागदांत बघत राहिले.

धंद्यातली गोम सांगायला हवी, नाहीतर कळायचं नाही. वापरलेले कपडे बाहेरून आणायचे तर सरकारचा परवाना लागतो, आणि तो सहजासहजी मिळत नाही. त्याच कपड्यांच्या कापून चिंध्या केल्या असतील, तर परवान्याची गरज नाही. चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढतात. म्हणून माल मागवणारी पार्टी कागदावर लिहायची, 'कापलेल्या चिंध्या'. कंटेनरच्या दाराजवळच्या दोन रांगा खरोखर कापलेल्या मालाच्या लावायच्या. तपासणीला तेवढ्याच उतरवायच्या. मागे सगळा शाबूत माल. जॅकेटं, स्वेटर, कोट. बाजारात विकायला.

हे मला कसं माहीत? रांगा कशा लावायच्या तो ईमेल मीच पाठवायचो. शेठ सांगायचा, मी टाइप करायचो. शेठची किळस येते. त्या दिवसापर्यंत जो मी होतो त्याचीही येते, तितकीच.

मी हे का करत होतो? कार्डासाठी. सहा वर्षं मी त्याच्या क्लिअरिंग फर्ममध्ये, म्हणजे लोकांचा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या कंपनीत होतो. फायली घेऊन धावायचं, केबिनबाहेर ताटकळायचं, पण कस्टमच्या कागदावर सही करायची नाही. सहीसाठी कस्टमचं 'जी कार्ड' लागतं. त्याची परीक्षा मी पास झालो होतो. भेस्तानच्या एका खोलीत, आईच्या शिलाई मशीनच्या खडखडाटात अभ्यास करून. आता फर्मनं अर्ज करायचा राहिला होता. "आ कंटेनर काढी आप, पछी तारी अरजी," शेठ म्हणायचा. आधी हा कंटेनर सोडव, मग तुझा अर्ज. दर कंटेनरला हेच. माझ्या कोपराला गूळ लावून ठेवला होता त्यानं.

आमचं गाव शहाद्याकडचं. दिवाळी झाली की पाटलीणबाई आईला बोलावून घ्यायची आणि ओट्यावरून जुनं लुगडं खाली टाकायची. "नेसून दाखव गं, बघू कसं दिसतं." आई तिथंच अंगणात, अंगावरच्या साडीवरून ते गुंडाळायची. ओट्यावरच्या बायका हसायच्या. मी तिच्या पायाशी उभा असायचो. पाचेक वर्षांचा. मला वाटायचं, आई काहीतरी गमतीचं करते आहे.

सुरतेला आल्यावर आईनं एक नेम केला. ती साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला जायची आणि मार्केटातून किलोवर फेंट आणायची. फेंट म्हणजे तागे कापून उरलेले कोरे तुकडे. त्यांचे माझे शर्ट शिवायची. एक बाही हिरवी, दुसरी निळी. शाळेत पोरं जोकर म्हणायची. मी रडत घरी आलो की ती म्हणायची, "चिंधी चाली, पन कोरी पायजे. दुसरानं उतरेल आंगले लावू नको." चिंधी चालेल, पण कोरी हवी; दुसऱ्यानं उतरवलेलं अंगाला लावायचं नाही.

त्या बाईचा मुलगा यार्डात उतरलेला कोट घालून उभा होता. घालून दाखव म्हटल्याबरोबर त्यानं घातला होता. ओटा तेवढा इथे नव्हता.

मी कोट काढला. जमिनीवर टाकला. एका हमालाच्या हातातलं कटर घेतलं आणि कंटेनरात शिरलो.

"अल्या, आ शुं करे छे?" शेठ ओरडला.

तिसऱ्या रांगेतली गासडी मी ओढली. पट्टी कापली. भस्सकन जॅकेटं बाहेर सांडली. त्यातलं एक निळं उचललं, अंगात घातलं आणि उन्हात येऊन साहेबांसमोर उभा राहिलो. चेन गळ्यापर्यंत ओढली. तोच वास होता. पण या वेळी मी स्वतःहून घातलं होतं.

"साहेब, चेन लागते. दोन्ही बाह्या आहेत. ही चिंधी नाही, कपडा आहे. मागे सगळा असाच माल आहे. परवाना नाही."

कुणी हसलं नाही. शेठ माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "तारुं कार्ड गयुं."

"गेलं तर गेलं," मी म्हणालो. मराठीत म्हणालो. शेठशी, सहा वर्षांत पहिल्यांदा.

कंटेनर अडवला गेला. माझा जबाब घेतला. ईमेल मीच पाठवले, तेही मी सांगितलं. तेही लिहून घेतलं गेलं, त्याचं जे व्हायचं ते होईल. शेवटी साहेबांनी नाव विचारलं. कस्टमवाल्यांपुढे आडनाव सांगायचं नाही, अशी शेठची ताकीद होती. मी आडनावासकट नाव सांगितलं आणि खाली सही केली. कस्टमच्या कागदावरची माझी पहिली सही ती.

घरी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आंग धोई टाक." मी दोनदा धुतलं. वास गेला नाही.

आता फर्म-फर्म हिंडतो. आधीची नोकरी का सोडली, विचारतात. मी खरं सांगतो. ते फाईल परत सरकवतात. सरकवू देत. परीक्षा मी पास झालोय, ती कुणाला काढून घेता येत नाही. कार्ड मी मिळवणार. आणि ज्या कागदावर सही करीन, त्याचा कंटेनर आधी शेवटच्या रांगेपर्यंत उघडीन. उघडू दिला नाही, तर सही नाही.